नेबर ‘फुल’ दिसतो, तरी रूट पुन्हा पुन्हा गायब होतो: ओएसपीएफमधल्या एका चिवट दुखण्याचा शोध

समस्या थोडक्यात अशी. अंबड एमआयडीसीतल्या मुख्य ऑफिसातून सिन्नरच्या गोडाऊनचं नेटवर्क दिवसातून शेकडो वेळा तुटतं आणि आपोआप जोडलं जातं. पिंगला, म्हणजे चाचणीसाठी पाठवलेल्या पाकिटांना, सहा-सात उत्तरं येतात, मग काही सेकंद काहीच नाही, मग परत उत्तरं. लिंक खाली जात नाही, पोर्टचा दिवा हिरवाच असतो आणि ओएसपीएफचा (राउटरांनी आपसांत मार्ग ठरवायची पद्धत) नेबर, म्हणजे शेजारचा राउटर, सतत ‘फुल’, म्हणजे पूर्ण जुळलेला, दाखवतो. तीनेक आठवडे आम्ही यात गेलो. असाच प्रकार तुमच्याकडे चालू असेल तर तुमचे तीन आठवडे वाचावेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. आमचं कारण निघालं ते लिंक-स्टेट राउटिंगच्या, म्हणजे ओएसपीएफ ज्या जातीचं आहे तिच्या, अगदी गाभ्यातलं होतं, आणि तो गाभा नीट समजल्याशिवाय ते सापडलंही नसतं.

आधी मांडणी सांगतो. अंबडला मुख्य राउटर. त्याला एका बाजूने सिन्नर जोडलेलं, दुसऱ्या बाजूने ओझर. ओझरच्या पुढे दिंडोरी तालुक्यातलं द्राक्षांचं पॅकहाउस. शिवाय नाशिकरोड आणि पिंपळगाव बसवंतची दोन छोटी ऑफिसं. सगळं एकाच एरियात (एकच नकाशा वापरणारा राउटरांचा गट), म्हणजे एरिया शून्यात. इतक्या लहान नेटवर्कला जास्त एरिया करण्यात अर्थ नाही, आणि हे माझं ठाम मत आहे. वीस-पंचवीस राउटरांचं नेटवर्क चार एरियांत वाटून ठेवलेलं मी पाहिलंय. त्यातून वेग काही मिळाला नव्हता, बिघाड शोधायला मात्र दुप्पट वेळ लागत होता.

पहिले पंधरा दिवस काय केलं

सिन्नरची तक्रार आली तेव्हा सगळ्यांचा संशय फायबरवर गेला. सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ते खोदलेले, त्यामुळे नाशकात सध्या कुठलीही लिंक तुटली की पहिलं बोट जेसीबीकडेच जातं. आम्ही फायबरवाल्यांना बोलावलं. त्यांनी पॉवर मोजली, ती ठीक होती. एसएफपी, म्हणजे फायबर जोडायची मॉड्यूल्स, बदलले, पॅचकॉर्ड बदलली. आमचा एक सहकारी दोनदा मोटरसायकलवर सिन्नरला जाऊन राउटर रीस्टार्ट करून आला, आणि दोन्ही वेळा नेटवर्क सुरळीत झालं. त्यामुळे आमची खात्रीच पटली की राउटरमध्येच काहीतरी अडकतंय, रीस्टार्ट केला की मोकळं होतं.

इथेच आम्ही फसलो. दिवसाची कामं आटोपून तो दोन्ही वेळा संध्याकाळी सात-साडेसातला तिथे पोचला होता. रीस्टार्टचा आणि बरं होण्याचा काही संबंध नव्हता, हे पुढे कळलं.

दुवा मिळाला तो सिन्नरच्या अकाउंट्समधल्या ताईंकडून. फोनवर त्या सहज म्हणाल्या, “सर, मी रविवारी जादा कामाला आले होते ना, तेव्हा एकदाही अडकलं नाही हो. सोमवारी सकाळी नऊपासून परत तेच.” मी वही काढली. तक्रारींच्या सगळ्या वेळा सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहाच्या आतल्या, आणि रविवारची तक्रार एकही नाही. फायबरला रविवारची सुट्टी नसते. म्हणजे दोष घड्याळाप्रमाणे चालू-बंद होणाऱ्या कशाततरी होता.

लिंक-स्टेट म्हणजे नेमकं काय, हे इथे थांबून पाहू

ज्यांना हे पाठ आहे त्यांनी पुढे जावं. पण ‘फुल’ या शब्दावर आपण इतका विसंबतो की एकदा उजळणी केलेली बरी.

जुन्या डिस्टन्स-व्हेक्टर पद्धतीत राउटर शेजाऱ्याच्या सांगण्यावर चालतो. नाशिकहून लासलगावला निघालेल्याने प्रत्येक नाक्यावर विचारत जावं तसं. निफाडवाला सांगतो, “माझ्याकडून इतके किलोमीटर.” ऐकणाऱ्याने त्यात स्वतःचं अंतर मिळवायचं. निफाडवाल्याचं चुकलं तर तुमचंही चुकतं, आणि ते तुम्हाला कळतही नाही.

लिंक-स्टेटमध्ये अंतर कुणी सांगत नाही. प्रत्येक गावाने फक्त आपल्या वेशीबाहेर पडणारे रस्ते लिहायचे: मी अमुक, माझ्यापासून तमुक गावाला थेट रस्ता आहे, त्याची किंमत इतकी. हा कागद म्हणजे एलएसए. याची जशीच्या तशी प्रत एरियातल्या प्रत्येक राउटरकडे पोचते. वाटेत कुणी त्यात खाडाखोड करायची नाही, फक्त वय वाढवायचं. सगळ्यांकडे सगळे कागद जमले की प्रत्येकजण स्वतः नकाशा जोडतो आणि स्वतःपासून सगळीकडचा सर्वांत स्वस्त मार्ग काढतो. त्यासाठी वापरतात ती डायक्स्ट्रा यांची १९५९ साली प्रसिद्ध झालेली रीत.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि बिघाड शोधताना त्याच कामाला येतात.

पहिली: ‘फुल’चा अर्थ इतकाच की माझी आणि या शेजाऱ्याची कागदांची थप्पी सारखी आहे. त्या थप्पीतले कागद खरे आहेत, की त्यांतून नकाशा जुळतो, याची हमी ‘फुल’ देत नाही.

दुसरी: नकाशा जोडताना एखादा रस्ता तेव्हाच धरला जातो जेव्हा दोन्ही टोकांच्या कागदांवर तो असतो. अंबड म्हणतं माझ्याकडून सिन्नरला रस्ता आहे, पण सिन्नरच्या कागदावर अंबडचं नाव नाही, तर तो रस्ता बाद. शेताच्या बांधासारखं आहे हे. एकट्याने सांगून भागत नाही, पलीकडच्याच्या उताऱ्याशी ते जुळावं लागतं. या दुतर्फा तपासणीकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि ‘नेबर फुल आहे पण रूट नाही’ अशा तक्रारींमागे बहुतेक वेळा हीच तपासणी असते.

शोधाला सुरुवात कुठून करायची

राउटिंग टेबलपासून नाही. ते शेवटचं फळ आहे. आणि नेबर ‘फुल’ असेल तर नेबरच्या यादीतही फार वेळ घालवू नका. सरळ डेटाबेस उघडा.

सर्वांत सोपी चाचणी बरेचजण करतच नाहीत. ‘शो आयपी ओएसपीएफ’ ही आज्ञा दिली की एरियाच्या माहितीत एलएसएंची संख्या आणि त्यांच्या चेकसमची (मजकूर शाबूत आहे का ते तपासायचा आकडा) बेरीज दिसते. एकाच एरियातल्या प्रत्येक राउटरवर हे दोन्ही आकडे तंतोतंत सारखे हवेत, कारण सगळ्यांकडे तीच थप्पी असायला हवी. दोन-तीन राउटरांवर एकदम खिडक्या उघडून हे आकडे शेजारी-शेजारी ठेवा. कायम वेगळे दिसले तर कागद कुठेतरी अडतोय. आमच्याकडे ते वेगळे नव्हते, पण दर काही सेकंदांनी बदलत होते. शांत नेटवर्कमध्ये हा आकडा एवढा सारखा बदलत नाही. त्याच पानावर एसपीएफ, म्हणजे नकाशावरून मार्ग काढायचा हिशोब, किती वेळा चालला तेही दिसतं. आमचा आकडा लाखाच्या वर गेला होता. चार वर्षांच्या नेटवर्कमध्ये तो काही शेकड्यांत असेल अशी माझी अपेक्षा होती.

मग ‘शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस’. या यादीत प्रत्येक एलएसएपुढे दोन रकाने असतात, त्यांच्याकडे आपली नजर सहसा जात नाही: एज आणि सिक्वेन्स नंबर. एज म्हणजे कागदाचं वय, सेकंदांत. सिक्वेन्स नंबर म्हणजे त्या कागदाची कितवी आवृत्ती.

निरोगी कागद कसा वागतो ते पाहा. काहीही बदललं नाही तरी राउटर दर १,८०० सेकंदांनी, म्हणजे अर्ध्या तासाने, आपला कागद नव्याने काढतो, नंबर एकने वाढवतो आणि वय शून्यावर आणतो. वय ३,६०० झालं की कागद मेला, सगळ्यांनी तो फेकायचा. म्हणून निरोगी यादीत वयं विखुरलेली दिसतात: कुठे २१४, कुठे ९७०, कुठे १,६०२. नंबर अर्ध्या तासाला एकने सरकतो, म्हणजे दिवसाला अठ्ठेचाळीसने.

आमच्या यादीत सगळ्या ओळी अशाच होत्या. एक सोडून. राउटर आयडी १०.२५५.०.७, म्हणजे सिन्नर. वय ३. नंबर ८००२९१४७.

परत आज्ञा दिली. वय १. परत दिली. वय ४. वय पाचच्या पुढे जातच नव्हतं. एक मिनिट घड्याळ लावून थांबलो आणि नंबर पाहिला: ८००२९१५९.

हा नंबर सोळाच्या पायाचा असतो, त्यामुळे ४७ ते ५९ म्हणजे बारा नव्हे, अठरा. अठरा आवृत्त्या एका मिनिटात! निरोगी राउटरला इतक्या आवृत्त्या काढायला नऊ तास लागले असते.

आता याच नंबरातून तारीख काढता येते, आणि हा भाग मला स्वतःला फार आवडला. मोजणी ८००००००१ पासून सुरू होते. त्याच्या पुढे ८००२९१४७ पर्यंत म्हणजे सुमारे १,६८,००० आवृत्त्या. नुसतं अर्ध्या तासाचं नूतनीकरण धरलं तर त्याला साडेनऊ वर्षं लागतील, आणि आमचं नेटवर्क चार वर्षांचं. उलट मिनिटाला अठराच्या वेगाने सुमारे १५५ तास होतात. रोजचे दहा तास धरले तर साडेपंधरा कामाचे दिवस. वहीत मागे गेलो. रविवार वगळून सोळाव्या दिवशी नोंद होती: दिंडोरीच्या पॅकहाउसमधला जळालेला राउटर बदलून स्पेअर बसवला. सिन्नरची पहिली तक्रार त्यानंतर तीन दिवसांनी आलेली.

मधल्या काळात सिन्नरचा राउटर दोनदा रीस्टार्ट झाला होता, मग मोजणी परत एकपासून का नाही सुरू झाली? कारण जुना कागद बाकीच्यांकडे शिल्लक असतो. राउटर जागा झाला की त्याला स्वतःच्याच नावाचा, मोठ्या नंबराचा कागद शेजाऱ्याकडून मिळतो. तो त्याहून एक जास्त नंबर घालून नवा काढतो. म्हणून रीस्टार्टने पुरावा पुसला जात नाही. त्यासाठी राउटर तासाभराहून जास्त बंद राहावा लागतो.

मग घडत काय होतं

पॅकहाउसला फोन लावला. तिथल्या सुपरवायझर काकांना एकच विचारलं, “काका, रात्री राउटर चालू असतो का?”

“नाही साहेब, पॅकिंग संपलं की साडेसहाला आम्ही त्या खोलीचं मेन पाडतो. सकाळी साडेआठला चढवतो. रविवारी तर बंदच.”

बाकीचं कोडं त्याच क्षणी सुटलं. स्पेअर राउटरवर आमच्याकडून सिन्नरच्या बॅकअपमधला कॉन्फिग टाकला गेला होता. इंटरफेसचे आयपी बदलले, लूपबॅक (राउटरचा आतला कायम पत्ता) बदलला, नाव बदललं. हाताने लिहिलेली राउटर आयडीची एक ओळ मात्र तशीच राहिली. तपासून मंजूर मीच केलं होतं. एका एरियात १०.२५५.०.७ (पुढे थोडक्यात ०.७) नावाचे दोन राउटर झाले.

ओएसपीएफमध्ये राउटरची ओळख म्हणजे हा आयडी. तो आयपीसारखा दिसतो, पण ते फक्त नाव आहे. आता दिंडोरीने आपला कागद काढला: मी ०.७, माझा रस्ता ओझरला. तो फिरत फिरत सिन्नरला पोचला. सिन्नरने पाहिलं, माझ्या नावाचा कागद, माझ्यापेक्षा नवा, आणि मी तर हा काढलेलाच नाही. नियम सांगतो की अशा वेळी त्याहून मोठा नंबर घालून खरा कागद काढा. सिन्नरने काढला: मी ०.७, माझा रस्ता अंबडला. तो दिंडोरीला पोचला, तिथेही तेच. एकच एलएसए पाच सेकंदांच्या आत पुन्हा काढायचा नाही असं बंधन नियमांत आहे, म्हणूनच मिनिटाला अठरावर भागलं. नाहीतर दोघांनी सगळी लिंक भरून टाकली असती.

आता अंबडच्या नजरेने पाहा. हातात सिन्नरचा कागद आहे तेव्हा अंबड-०.७ रस्ता दोन्हीकडून जुळतो आणि सिन्नर दिसतं. चार सेकंदांनी दिंडोरीचा कागद आला. त्यात अंबडचं नाव नाही. दुतर्फा तपासणीत अंबड-०.७ रस्ता बाद, सिन्नरची सगळी नेटवर्कं गायब. नेबर मात्र ‘फुल’च, कारण ‘मी आहे’ एवढंच सांगणारी हॅलो पाकिटं त्या तारेवरून नीट येत-जात आहेत. त्यांना या भांडणाशी काही देणंघेणं नाही.

दिंडोरीही तितक्याच वेळा तुटत होतं. तिथे एकच कॉम्प्युटर. माणसं मोबाईलचा हॉटस्पॉट लावून काम उरकत होती आणि “इकडे रेंजचा नेहमीच त्रास” म्हणून कुणी कळवलंच नाही. हे दोघे थेट शेजारी असते तर बहुतेक राउटरांनी ओळखच जमवू दिली नसती आणि पहिल्याच दिवशी पकडलं गेलं असतं. मध्ये अंबड आणि ओझर असल्याने तसं झालं नाही. अशा वेळी बरेच राउटर लॉगमध्ये इशारा लिहितात. आमचे लॉग कुठेही साठवले जात नव्हते आणि राउटरच्या लहानशा बफरमधून ते पुसले जात होते. त्या आठवड्यातच सिस्लॉगसाठी, म्हणजे सगळे लॉग एका जागी साठवायला, एक जुना कॉम्प्युटर लावला.

याच घराण्यातला एक जुना प्रसंग

दोन आवृत्त्यांनी एकमेकींवर कुरघोडी करत राहणं हे लिंक-स्टेटचं जुनं दुखणं आहे. २७ ऑक्टोबर १९८० रोजी अख्खं आरपानेट, म्हणजे इंटरनेटचं पूर्वरूप, याच जातीच्या बिघाडाने काही तास ठप्प झालं होतं. एरिक रोझेन यांनी त्याचं सविस्तर वर्णन लिहून ठेवलंय, ते आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची मालिका) ७८९ म्हणून उपलब्ध आहे.

तेव्हा नंबर सहाच बिटांचा होता, शून्य ते त्रेसष्ट, आणि गोल फिरणारा: त्रेसष्टनंतर परत शून्य. गोलात पुढचा कोण हे ठरवायला नियम होता की दोघांतलं अंतर अर्ध्या गोलापेक्षा जास्त असेल तर लहान आकडा नवा समजायचा. एका नोडच्या यंत्रात बिघाड होऊन बिट गळू लागले आणि एकाच नोडच्या नावाने तीन कागद नेटवर्कमध्ये आले: ४४, ४० आणि ८. दोनच्या पायात लिहून पाहा: १०११००, १०१०००, ००१०००. प्रत्येक वेळी एकेक बिट गळलेला. आता तुलना करा. ४० हा ८ पेक्षा नवा. ४४ हा ४० पेक्षा नवा. आणि ४४ व ८ मधलं अंतर ३६, अर्ध्याहून जास्त, म्हणून ८ हा ४४ पेक्षा नवा! तिघांपैकी शेवटचा कुणीच नाही. प्रत्येक राउटर प्रत्येक कागद ‘नवा आला’ म्हणून पुढे ढकलत राहिला, आणि खऱ्या कामाला वेळच उरला नाही.

आजच्या ओएसपीएफच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे जॉन मॉय यांनी लिहिलेल्या १९९८ च्या आरएफसी २३२८ मध्ये, नंबर बत्तीस बिटांचा आणि सरळ रेषेत चढणारा आहे. कागदावर चेकसम आहे आणि वयाची मर्यादाही. बिट गळून चक्र तयार व्हायची वाट त्यामुळे बंद झाली. पण एकाच नावाने दोघे बोलू लागले तर त्यातला खरा कोण हे ठरवायचं साधन त्यात नाही. तेवढं आपल्यावर सोडलेलं आहे.

दुरुस्ती

दिंडोरीच्या राउटरवर आयडी बदलला: १०.२५५.०.१२. पण ओळ बदलून भागत नाही. चालू प्रोसेस जुनाच आयडी धरून बसते. ‘क्लिअर आयपी ओएसपीएफ प्रोसेस’ द्यावं लागतं आणि त्यात सगळे नेबर क्षणभर तुटतात, म्हणून हे रात्री केलं. काकांना सांगून ठेवलं होतं की आज मेन पाडू नका.

असं केल्यावर कधीकधी जुन्या आयडीचे कागद यादीत तासभर रेंगाळताना दिसतात. घाबरू नका. वय ३,६०० झालं की ते आपोआप जातात, आणि तोवर दुतर्फा तपासणीमुळे त्यांचा नकाशावर परिणाम होत नाही. आमच्याकडे जुना आयडी सिन्नरचाच खरा होता, त्यामुळे फक्त भांडण थांबलं.

आता आम्ही एक वही ठेवलीय, तिच्यात प्रत्येक राउटरचा आयडी आहे, आणि प्रत्येक राउटरच्या पाठीवर आयडी लिहिलेली चिकटपट्टी. स्पेअर राउटर कॉन्फिगशिवाय कोरा ठेवायचा, बॅकअपवरून चढवायचा नाही, असंही ठरवलंय.

तुमचं कारण हे नसेल तर

वय आणि नंबर निरोगी असतील, नेबरही ‘फुल’ असेल, तरी रूट अजिबातच येत नसेल, तर नेटवर्क टाइप तपासा. एका टोकाला पॉइंट-टू-पॉइंट आणि दुसऱ्याला ब्रॉडकास्ट असं झालं की हे होतं. दोन्हींचा हॅलो (किती वेळाने पाठवायचा) १० सेकंद आणि डेड (किती वेळ काही ऐकू आलं नाही की शेजारी गेला समजायचं) ४० सेकंद सारखाच असल्याने ओळख सुखाने जमते, पण कागदावर दोघे वेगळ्या भाषेत लिहितात. एकजण लिहितो, माझा रस्ता थेट अमुक राउटरला. दुसरा लिहितो, माझा रस्ता एका सामायिक चौकात उतरतो. रस्ते जुळत नाहीत, तपासणीत बाद होतात. काही राउटर डेटाबेसच्या तपशिलात ‘कागद काढणारा राउटर पोचण्याजोगा नाही’ अशा अर्थाची ओळ दाखवतात. ती दिसली की नव्वद टक्के काम झालं.

नेबर ‘एक्सस्टार्ट’मध्ये, म्हणजे कागदांची देवाणघेवाण सुरू होण्याच्या टप्प्यात, अडकून पुन्हा पुन्हा पडत असेल तर दोन्ही टोकांचा एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, पाहा. मध्ये टनेल किंवा पीपीपीओई असेल तर हमखास. एमटीयूकडे दुर्लक्ष करायची एक आज्ञा आहे आणि ती टाकली की नेबर लगेच ‘फुल’ होतो, म्हणून ती फार लोकप्रिय आहे. मी ती वापरू नका असं सांगेन. पाकीट मोठं झालं की ते पलीकडे पोचणारच नाही, आणि नेटवर्क वाढल्यावर सहा महिन्यांनी हाच बिघाड जास्त अवघड रूपात समोर येईल. दोन्हीकडे एमटीयू सारखा करा.

‘इनिट’ दिसत असेल तर ज्या टोकावर तो दिसतोय त्याला पलीकडचं ऐकू येतंय, पण त्याचं पलीकडे पोचत नाही. म्हणजे त्या टोकाकडून बाहेर जाणारी दिशा तपासा. मध्ये मीडिया कन्व्हर्टर असतील तर फायबरची एकच तार तुटूनही राउटरचा पोर्ट वर राहतो. खोदकामाच्या दिवसांत हे आम्ही पंचवटीत दोनदा पाहिलं.

‘टू-वे’ हा बिघाड नसतो. एका स्विचवर पाच राउटर असतील तर निवडलेला मुख्य आणि उपमुख्य राउटर सोडून बाकीचे आपापसांत ‘टू-वे’वरच थांबतात, तसंच अपेक्षित आहे.

आणि किंमत मोजायचा आधार-वेग, म्हणजे ज्याला लिंकच्या वेगाने भागून तिची किंमत काढतात तो आकडा. मूळ मूल्य १०० एमबीपीएस असेल तर १०० एमबीपीएस आणि १ जीबीपीएस या दोन्ही लिंकांची किंमत १ च येते. तो वाढवलात तर सगळीकडे वाढवा. एखादा राउटर राहिला तर जाण्याचा आणि येण्याचा मार्ग वेगळा होतो. लूप मात्र होत नाही, कारण सगळे त्याच कागदांवरून हिशोब करतात. लूपला वाव मिळतो तो थप्प्या वेगळ्या असतात तेव्हाच.

आमच्या सिन्नरचं शेवटचं सांगतो. आयडी बदलला रात्री पावणेनऊला, तेव्हा नंबर वहीत लिहून घेतला होता. दुसऱ्या दिवशी काकांचा साडेआठला फोन आला, “लाइन सुरू केली साहेब.” मी मुद्दाम तासभर थांबलो आणि साडेनऊनंतर डेटाबेस उघडला. ०.७ चं वय १,११२ सेकंद. नंबर रात्रीपासून पंचवीसने पुढे.